बारा मिनिटं

डॉक्टर बिराजदारांनी ईसीजीची पट्टी
खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं,
दिवसाला किती चहा?
मी म्हणालो, चार.
रात्रीचं त्यांनी विचारलं नव्हतं.

यल्लव्वा शेजारीच होती.
सूप मांडीवर नसलं तरी तिची बोटं मोजत असतात,
हजार विड्यांची सवय.
नऊ, ती म्हणाली. रात्रपाळी असली तर अकरा.

पहिला दिवस बरा गेला.
इतका बरा, की मी तिघांना सांगत सुटलो
चहा सोडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी
उजव्या डोळ्यामागे कुणीतरी माग सुरू केला.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कानशिलापासून कानशिलापर्यंत,
आणि बंद करायचा खटका कुठंच सापडेना.
बाहेर त्रेचाळीस. पत्र्याखाली मोजूच नये.
नळाला पाणी यायला अजून दोन दिवस.
पिंपातलं तांब्याभर घेऊन टॉवेल भिजवला,
माझ्याच मागावरचा, काठ सुटलेला,
डोक्याला आवळला,
आणि पोरीवर ओरडलो
ती पेन्सिलीला टोक करत होती म्हणून.
टोक करण्याचा आवाज होतो.
सेहेचाळीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

तिसऱ्या रात्री ताण्याचं सूत तुटत राहिलं.
एरवी हात आपोआप जातो, गाठ पडते,
डोळ्यांना विचारावं लागत नाही.
त्या रात्री विचारावं लागलं, आणि डोळे
उशिरा उत्तर देत होते.
चादरीवरच्या मोराच्या मानेत
बोटभर चूक गेली.
काय बे नरसय्या, शेठ म्हणाले, झोपला का?
झोपलो नव्हतो.
जागाही नव्हतो.

अडीच वाजता माग थांबतात.
बारा मिनिटं.
सगळे मौलालीच्या गाड्याकडं गेले, मी गेलो नाही.
मुकादम म्हणाला,
तू पीत नाहीस ना आता,
मग बसल्या बसल्या तेवढ्या कांड्या भरून टाक.
भरल्या.
चौथ्या रात्रीही भरल्या.
बावीस वर्षं रोज रात्री
मी ही बारा मिनिटं चहाच्या नावावर उचलत होतो,
आणि मला वाटायचं
ती माझीच आहेत.

पाचव्या रात्री कांड्यांची टोपली तिथंच ठेवून
बाहेर आलो.
मौलालीनं मला बघितलं, ग्लास विसळायला घेतला.
मी हात आडवा केला.
पानीच है जी, तो म्हणाला,
आणि किटलीतलं कढत पाणी ओतलं.
त्याला वेलचीचा वास होता.
ग्लासाला अजून कुणी सांगितलं नसावं.

मी दोन्ही हातांनी धरला, फुंकर घातली,
कडेनं एक घोट, मग दुसरा,
अगदी सगळं तसंच.
अक्कलकोट रोडवरून उसाचा रिकामा ट्रक गेला.
कुत्र्यानं उठून जागा बदलली.
कुणी काही बोललं नाही. मीही.
मुकादमानं दारातून डोकावून बघितलं
आणि माझ्या हातातला ग्लास बघून परत गेला.

मौलालीच्या वहीत माझ्या नावापुढं
आता रेघा पडत नाहीत.
तरी तो रोजची तारीख टाकतो, पुढं शून्य काढतो.
शून्याचे किती, मी विचारलं.
बैठने के, म्हणाला. उधार.

डोक्यातला माग अजून लागतो,
चारच्या सुमाराला, दिवसाआड.
पण धोटा रिकामा फिरतो,
विणत काही नाही.

आज पाळी सुटून घरी आलो, दार लोटलं,
तर यल्लव्वानं पटकन काहीतरी
पदराआड घेतलं.
आलं. चहापत्ती. थोडी जास्तच साखर.
अंधारात उभं राहून मी सगळं ओळखलं.
पी की, म्हणालो.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग कपाकडं,
आणि म्हणाली,
पाणी आलंय.
आधी पिंप लाव नळाखाली.