सा.क्र. ६/२४०

ट्राम येणार म्हणून मी तीनदा उभा राहिलो या रस्त्यावर,
हातात चार मीटरचा स्टाफ,
पांढऱ्यावर काळे-तांबडे आकडे.
काम एवढंच : सरळ उभं राहायचं.
वाऱ्यात, ट्रकच्या धुरात, म्हैस अंग घासून गेली तरी
सरळ.
समोर मुनीरसाहेब एक डोळा मिटून
माझ्याकडं नाही, आकड्याकडं बघत.

पहिल्या वेळी पुलाच्या अलीकडूनच फिरलो.
गोदावरी ओलांडायला पैसे नव्हते म्हणे.
दुसऱ्या वेळी नकाशाला शेपूट फुटलं
तरोडा नाक्यापासून पार नदीपलीकडच्या सिडकोपर्यंत.
देगलूर नाक्याला लोक विचारायचे, "काय मापायलाव?"
"ट्राम."
"म्हंजे?"
"रस्त्यातून चालणारी रेल्वे. धूर नाही, आवाज नाही."
"आवाज नाही तर लोक बाजूला कसे व्हतील?"
मुनीरसाहेबांच्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.

तेव्हाच, सहा किलोमीटर दोनशे चाळीसवर,
शाहीनबाजींच्या फॉल-पिकोच्या दुकानापुढं
दिव्याच्या खांबाच्या बुडाशी मी तांबडा रंग लावला :
सा.क्र. ६/२४०, खाली एक बाण.
बाजी म्हणाल्या, "पुसू नका म्हणावं का लावू नका म्हणावं,
समजंना झालंय."
शेजारचा हार्डवेअरवाला गट्टाणी वाकून वाचून गेला.
संध्याकाळी मला बाजूला घेऊन :
"थांबा इकडं सरकंल का? पाच फूट?"
दुसऱ्या दिवशी त्याचाच भाऊ :
"तिकडं सरकंल का? माल उतरवायला जागा राहत नाही."

मग फाईल झोपली.
मी पाणीपुरवठ्यात गेलो, चार वर्षं टाक्यांची उंची धरली.

यंदा तिसरी मोजणी.
नवी ट्राम म्हणे जमिनीलगतची, चाकाची खुर्ची सरळ आत;
तार फक्त पुलावर, बाकी बॅटरी;
सिग्नल तिला ओळखून हिरवा होणार.
आणि मोजायला ड्रोन.
प्रज्ञा लोणे नावाची पंचविशीतली इंजिनिअर
हातातल्या पडद्यावर मान घालून,
रस्त्याकडं न बघता रस्ता मोजते.
मला म्हणाली, "काका, तुम्ही सावलीला बसा."
एकतीस वर्षांच्या नोकरीत
मला पहिल्यांदाच कुणी बसायला सांगितलं.

बसलो बाजींच्या पायरीवर.
तिथं माणसं उभी होती, ओळीनं.
दुसऱ्या पाळीला निघालेल्या बाया, डब्याच्या पिशव्या,
एक कुबडीवाला पोरगा,
एक म्हातारा, एक्स-रे उन्हाला धरून स्वतःच वाचणारा.
रिक्षा थांबायच्या त्या नेमक्या खांबापाशी.
एक बाई फोनवर सांगत होती,
"सहा-दोनशेचाळीसला उतर. हाव, तांबड्या आकड्याला."
आकडा मी काढला होता त्याहून ठळक.
"ईदीच्या आधी रंगवती मी दरसाल," बाजी म्हणाल्या,
"पुसट झाला की लोक चुकतेत."

प्रज्ञाच्या पडद्यावर रेघ सरकली होती.
वळणाची त्रिज्या इथं बसत नाही, म्हणाली.
नवा थांबा ६/३२०.
ऐंशी मीटर पुढं गेलो, बघून आलो :
एका बंद जिनिंगची भिंत, भिंतीला बाभूळ,
बाभळीखाली कुत्रं.

परत आलो. जीपमधून जुना स्टाफ काढला,
बाहीनं धूळ पुसली,
खांबाशी जाऊन उभा राहिलो.
"काका, आता त्याची गरज नाही."
"माहीत आहे.
तू फक्त ते उडतं जरा खाली आण,
आणि आकडा नको वाचू.
माझ्या मागं बघ."

ते भणभणत खाली येईस्तोवर
सिडकोची रिक्षा आली
आणि माझ्या मागची अर्धी ओळ
दाटीवाटीनं बसून निघून गेली.