माणशी

वर्ल सोरेन्सन यांच्या तळघरात
शहाण्णव सालचा गहू आहे.
पत्र्याचे डबे, छताला टेकलेले,
प्रत्येकात एक पुडी लोखंडाच्या भुकटीची.
ती डब्यातली हवा खाऊन टाकते
आणि किडा अंड्यातच विचार बदलतो.

मी बार्शीची. मला बिब्बा माहीत,
कडुलिंबाचा पाला, वालाला राख,
तूरडाळीला एरंडेलाचा हात.
बिब्बे पहिल्याच खेपेला विमानतळावर गेले.
अधिकाऱ्यानं हातमोजा घालून उचलले, बाँब असल्यासारखे.
उततातच म्हणा ते.

लोगनमधल्या पहिल्या हिवाळ्यात
माझ्या तांदळात सोंडे झाले.
वर्ल कुंपणापलीकडून म्हणाले, गॅरेजमध्ये ठेव,
जानेवारी आहे, फुकटची आहे.
चार रात्री उणे वीस.
पाचव्या दिवशी ताटात पाखडले
तर सोंडे मोहरीसारखे घरंगळले, एकही चालेना.

अर्विला जाऊन सहा वर्षं झाली.
त्यांची वही अजून खिळ्याला, सुतळीनं टांगलेली:
गहू माणशी तीनशे पौंड,
घेवडा साठ, मीठ आठ,
सफरचंदाच्या चकत्या, दुधाची पावडर,
आणि वरच्या कोपऱ्यात, गोल करून,
माणसं २.
खाली सगळीकडे खाडाखोड आहे, तिथे नाही.

वर्ल यांनी एकदा हिशेब मांडला:
एकट्यानं खाल्लं तर
मी एकशे अकरा वर्षांचा होईपर्यंत पुरेल.
हसले.
मग जिन्यावरचा दिवा घालवला,
मी अजून दोन पायऱ्या खाली असताना.

जूनमध्ये एक डबा दारात आणून ठेवला.
याचं तुमच्यात काही होतं का?

तीन दिवस भिजत घातला, रोज पाणी बदलून.
धास्ती होती, इतका म्हातारा गहू
चीक सोडेल की नाही.
वास असा सुटला की समोरच्या पोरानं विचारलं,
काकू, भिंतीत उंदीर मेलाय का?
वाटला, फडक्यातून पिळला, रात्रभर निवळू दिला,
सकाळी वरचं पिवळं पाणी ओतलं
तर तळाशी होता,
पांढरा, जड,
बोट रुतवलं की बोट धरून ठेवणारा.

आधणात मीठ, हिंग.
सोऱ्या सुटकेसमधून आला होता,
त्याला कुणी हातमोजा लावला नव्हता.
गरम चिकाशी मी अर्धा तास भांडले, दंड भरून आले.
अंगणात जुनी चादर, तिच्यावर एकतीस कुरडया
आणि खुर्ची टाकून वर्ल,
मांडीवर पाण्याची नळी,
मॅगपाय उतरला की फवारा.
बार्शीत हे काम आठ वर्षांच्या पोरांना देतात.
त्यांनी ते ऐंशीव्या वर्षी
जास्त मन लावून केलं.

हवा कोरडी, ऊन खणखणीत.
दुसऱ्या संध्याकाळी कुरडया
एकमेकींवर वाजू लागल्या.

किती वर्षं टिकतील?
वर्षं? म्हटलं, एक.
पुढचा उन्हाळा येतोच की.
त्यांनी टोपी मागं सारली.
येतोच, असं धरून चालता तुम्ही?
धरून चालतो, म्हटलं, आणि तरी
पावसापुरतं घालून ठेवतो.
यावर ते बराच वेळ चादरीची घडी घालत बसले,
कोपऱ्याला कोपरा जुळेपर्यंत.

एकतीसही डब्यात रचल्या. पुडी त्यांनीच टाकली.
झाकणावर जाड काळ्या पेनानं तारीख घातली,
नाव विचारून लिहिलं, तीनदा विचारून,
तरी चुकीचं.
आता गेला डबा फळीवर, मला वाटलं,
माझ्या नातवंडांच्या हाती लागेल.

रात्री साडेनऊला फोन.
तेल किती तापवायचं?
पहिली काळी झाली,
दुसरी कढईत मावली नाही, असं कुणी सांगत का नाही!
मागं तेलाचा चुरचुर आवाज,
मग फोन ठेवायचा विसरून
त्यांचं कुरुम कुरुम खाणं.

गुरुवारी डबा परत, धुतलेला,
माझ्या पायरीवर पालथा.
वर्ल गाडीत बसता बसता म्हणाले,
सत्त्याण्णवचा पण आहे.