येतंय का काही?

खालून विस्वाल्डिस ओरडतो, येतंय का काही?
मी वरून, नाही.

तीन दिवस हेच.
गाटिसनं रीगाहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला,
माझं मांडीचं हाड जुळेपर्यंत
तबकड्या खाली वाजाव्यात, ऐकू वर याव्यात म्हणून.
आणि खिडकीत, बेगोनियाच्या कुंडीला टेकून,
मुठीएवढा एक स्पीकर.
मधे एकवीस पायऱ्या.
त्याचे गुडघे त्यांना दिवसातून दोनदाच कबूल होतात.

एकतीस वर्षं जहाजांवरचा इलेक्ट्रिशियन.
वादळात टॉर्च दातांत धरून यानं बंद पंप चालू केलेत
आणि आता हातभर वायर त्याला दाद देत नाही.
निळ्या भोकात घालतो, गुलाबीत घालतो,
पिन स्पिरिटनं पुसतो, उपसून पुन्हा खुपसतो.
पडद्यावर लाइन-इनची पट्टी आहे म्हणे,
आवाज आला की हिरवी होऊन वर चढणारी.
ती गपगार पडलीय.
लेव्हल वाढव. बंद करून चालू कर. म्यूट काढ.
कुठलं म्यूट, हे की त्याच्याखालचं?
वहीत लिही. खोड.

हे सगळं मला इथे पडल्या पडल्या कसं माहीत?

कारण येतंय.
पहिल्या दुपारपासून येतंय.
तबकडी नाही, तेवढं खरं. मी खोटं बोललेले नाही.
पण पडद्याच्या कपाळावर जो कॅमेरा आहे
त्याच्याशेजारच्या टाचणीच्या टोकाएवढ्या कानानं
मशीन स्वयंपाकघर ऐकतंय
आणि इमानेइतबारे वर आणून टाकतंय:
किटली. ड्रॉवर. फरशीवर पिपार्सची नखं.
समुद्राकडचं सैल तावदान,
ज्याला मी सप्टेंबरात लांबी भरणार होते.
फिरत्या तबकडीवर नुसती सुई,
काचेमागे माशी अडकावी तशी,
आणि त्या माशीच्या आत, नीट कान दिला तर, बायका गाताहेत.

आणि तो.
बोलत नाही म्हणून बेचाळीस वर्षं मी ज्याच्यावर रुसले
तो माणूस मांजराशी बोलतो.
आधी रशियनमधून, जहाजावरच्या शिव्या.
मग बटाट्यात मीठ किती घालते रे ती?
मग एक अख्खी गोष्ट, मुर्मान्स्कच्या धक्क्यावर
बूट चोरीला गेल्याची, जी त्यानं मला
कधीच सांगितली नाही, आणि मी इथे एकटी
उशी तोंडावर धरून हसते, हाडाला कळ लागेपर्यंत.

काल रात्री उशिरा, मागचे स्क्रू काढता काढता:
वसंतापर्यंत उठली नाही तर रे?
पिपार्स गप्प.
बराच वेळ काही नाही.
मग नळ सोडल्याचा आवाज.

सकाळी, येतंय का काही?
नाही, मी म्हटलं. अजून थोडं बघ.

आज चारच्या सुमारास
घोडं कुठे पेंड खात होतं ते त्याला सापडलं.
यादीत मायक्रोफोनपुढे बरोबरची खूण,
लाइन-इनपुढचा चौकोन रिकामा.
तीन दिवस नाकासमोर.
गाढव, असं म्हणाला. कुणाला ते कळलं नाही.
मग माउसची एक टिक
आणि स्वयंपाकघर मिटलं.

सूतगिरणीचा कोरस, अठ्ठ्याहत्तर सालचा.
चाळीस बायका खोलीत घुसल्या.
मागच्या ओळीत, डावीकडून सहावी मी.
दुसऱ्या कडव्यात मी श्वास उशिरा घेते,
तोसुद्धा ऐकू येतो.

येतंय का? आवाज जवळून. पायऱ्या चढत असावा.
येतंय, मी म्हटलं. स्वच्छ येतंय.
दारात उभा राहिला, धापा टाकत,
हातात अजून स्क्रूड्रायव्हर.
काही बोलला नाही.
दोघांनी मिळून ती बाजू संपेपर्यंत ऐकलं.

तो खाली जाऊन झोपल्यावर गाटिसला फोन लावला.
कुजबुजत विचारलं,
मशीनला एका वेळी दोन ठिकाणांहून ऐकता येतं का?
येतं की, मावशी. मिक्सरमध्ये दोन्हीकडे खूण करायची.
का? काय बिघडलं?
काही नाही रे, म्हटलं.
आवाज येईनासा झालाय.