टेबल हलवताना

वरून आलेल्या पत्रात एकच ओळ होती:
एक तारखेपासून पाळी बदलताना
रुग्णाची माहिती टेबलावर नव्हे, खाटेशी द्यावी.
खाली सही, सहीवर शिक्का,
आणि घडीतून शिक्क्याची शाई उमटलेली
माझ्या नावावर, सि. हेमलता महाडिक.

मी आराखडा केला.
दौलतगंजातून चौकोनी वही आणली, रकाने आखले:
कोण तयार, कोण काठावर, कोण विरोधात.
तिसऱ्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं, लीलम्मा,
आणि पेन तसंच धरून बसले.
शीर कशी शोधायची हे मला तिनं शिकवलं,
एकोणतीस वर्षांपूर्वी,
स्वतःचा हात पुढे करून.

बैठकीत ती एवढंच म्हणाली,
"पेशंटच्या तोंडावर कसं सांगायचं, बाई,
की याला कोणी भेटायला येत नाही?"
शगुफ्ता हसली.
ब्रदर हरगोविंद नखानं टेबलाचा सनमायका उचकटत राहिला.
मी वहीत लिहिलं: प्रशिक्षणाची गरज.
आज ते अक्षर माझं वाटत नाही.

डिसेंबर होता.
सकाळी साडेसातला किल्लाही जागेवर नसतो इथे,
धुकं जिन्यापर्यंत येतं,
मुरारहून येणाऱ्या पोरी स्वेटरवर गणवेश घालतात
आणि हात काखेत धरून उभ्या राहतात.
आम्ही निघालो, खाट एक, खाट दोन.
पहिल्या दिवशी तेवीस मिनिटं लागली,
दुसऱ्या दिवशी एकतीस.
तिसऱ्या दिवशी लीलम्मा पुन्हा टेबलाशी,
भोवती चौघी, मधे किटली,
कुणाच्या तरी सासूचं ऑपरेशन, कुणाचा रखडलेला हप्ता.
मी काही बोलले नाही.
न बोलण्याला आराखड्यात रकाना नव्हता.

चौदा नंबरला कुशवाहकाका.
शगुफ्ता सांगत होती: रात्री दोनदा उठले,
लघवी मोजली, पाय ठीक.
काकांनी रजईतून तोंड काढलं.
"तीन बार, बिटिया.
तीसरी बार बुलाया नहीं, तुम्हारी आँख लगी थी."

ते तक्रार करत नव्हते.
थंडी फार आहे, असं सांगावं, तशा आवाजात म्हणाले.
शगुफ्ताच्या हातातला कागद मात्र हलला.
सहा जणी, एक ब्रदर, आणि सगळ्यांच्या नजरा
माझ्या पेनाकडे.
मी लिहिलं: तीनदा.
पुढचं लिहिलं नाही.
हे बरोबर होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.
त्या आठवड्यात मी तिच्या सलग पाच रात्रींच्या तीन केल्या,
आणि कारण विचारणाऱ्यांना सांगितलं, आराखड्यातच आहे.

टेबलापाशी किटली थांबली होती.

सोमवारी लीलम्मा आली. काही न बोलता.
खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली,
चष्मा पुसला, आवाज उतरवला, इतका
की आम्हाला पुढे वाकावं लागलं:
"सहा नंबर. ताप नाही. जेवण अर्धं.
भेटायला, मी."

मार्चमध्ये तपासणीची मंडळी आली.
बदल यशस्वी, एक्याऐंशी टक्के.
एकोणीस टक्के कोण, त्यांनी विचारलं नाही.
लीलम्मा तोवर निवृत्त होऊन कोट्टायमला गेली होती.

मग टेबल न्यायला दोन माणसं आली.
काचेखाली सापडलं
सत्त्याण्णव सालचं ड्यूटीचं वेळापत्रक,
त्यातल्या अकरा नावांतली दोन आता या जगात नाहीत,
एक लग्नपत्रिका, साखर, मेलेल्या मुंग्या.
आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं,
टेबल दारातून जाईना.
टेबल आत आल्यानंतर कधीतरी
कुणीतरी दार अरुंद करून घेतलं होतं.

"तोड़ दें, जिज्जी?" मोठ्यानं विचारलं,
हातोडी हातातच होती.
मी घड्याळ पाहिलं, वही चाळली.
"खिडकीशी लावा," म्हटलं,
"आणि ती किटली जरा उचला आधी,
गरम असेल."