नववी पायरी

पुन्ता अरेनासला जूनमध्ये सकाळी दहाला उजाडतं
आणि साडेपाचला दिवस गुंडाळून ठेवतात.
त्या अंधारात, खेकड्यांच्या कारखान्यातून परतताना
आई गोठलेल्या उतारावर घसरली.
आता ती वरच्या खोलीत, पाय प्लास्टरमध्ये,
समोर जुना, कडेला पिवळा पडलेला टीव्ही.

उलिसेसने विचारलं,
एक कन्सोल, दोन टीव्ही, जमेल?
म्हटलं, एका आईला दोन पोरं जमली,
हे का नाही जमणार.

दोन द्रागोने दुकानाच्या खणातून काढली
काडेपेटीएवढी डबी, एक तोंड, दोन शेपट्या,
वर पंधरा मीटर वायर, उधारीवर.
चित्र एकच येईल हं, तो म्हणाला,
दोन वेगळे खेळ मागू नका तिच्याकडे.
आणि कन्सोलच वर का नेत नाही?
आता त्याला काय सांगायचं.
आईच म्हणाली होती,
माझ्यापायी खालची खोली ओस नको.

वायर कठड्याला दोऱ्यांनी बांधत नेली.
वारा पत्रे उचकटत होता, उलिसेस गाठी मारत होता.

मग कळलं, ही डबी आधी दोघांनाही विचारते,
तुला किती झेपेल?
आणि ज्याला कमी झेपतं, त्याचंच ऐकते.
हप्त्यांवर घेतलेला खालचा मोठा टीव्ही
एकदम मवाळ झाला, गवताची पाती पुसली गेली,
शर्यतीतल्या गाडीवरची अक्षरं लागेनात.
उलिसेस म्हणाला, अजून सात हप्ते बाकी आहेत!
मग वरून आईचं हसू आलं,
आणि त्याने हप्त्यांचा विषय परत काढला नाही.

वरचा टीव्ही म्हातारा. प्रत्येक चित्रावर
अर्धा सेकंद विचार करतो, मग दाखवतो.
"अरे वळ, वळ!" असं आई ओरडते
तेव्हा गाडीचा कडेलोट होऊन गेलेला असतो.
एरवी तिचं बोलणं आधी
आणि आमची अक्कल नंतर. इथे उलटं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, मलाही खेळायचंय.

कंट्रोलर वर पोचेना.
एकेक पायरी चढत मोजलं.
नवव्या पायरीपर्यंत गाडी ऐकते,
दहावीवर पाय ठेवला की
भर रस्त्यात ठोंब्यासारखी उभी.
एकूण पायऱ्या चौदा.

म्हणून आता जेवणं झाली की
उलिसेस नवव्या पायरीवर बसतो, अंगावर घोंगडी,
तिथून ना खालचा टीव्ही दिसत ना वरचा.
आई सांगते, तो दाबतो.
डावीकडे. थोडं. थोडं म्हटलं ना!
सोड. आता जोरात.
भिंतीकडे बघत तो गाडी हाकतो
तिच्या डोळ्यांनी.

आणि मी खाली, ताटं विसळायची सोडून, पडद्यापुढे.
मला सगळं अर्धा सेकंद आधी दिसतं.
पूल तुटलेला दिसतो, गाडी नदीत दिसते,
आणि वर आई अजून म्हणत असते,
जमलं बरं का, जमलं.
तेवढा वेळ मी तोंड मिटून बसते.

काल शेवटचं वळण होतं.
मागची निळी गाडी घसरली, बाहेर गेली,
खाली माझ्यासमोर रेघ ओलांडली गेली, झेंडे उडाले.
मी हातातलं ताट धरून ठेवलं, वाजू दिलं नाही.

मग वर कुबडी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा,
आई काहीतरी ओरडली, वाऱ्यात शब्द कळले नाहीत.

आणि मधूनच, जिन्याच्या अंधारातून,
उलिसेस,
"काय झालं? कोणी सांगेल का? जिंकलो का?"