अनुभवाचा दाखला

मार्च संपता संपता झोपे सर
येतात माझ्या टेबलापाशी.
पाठीला सॅक, सॅकेला बाहेरून बांधलेले
दोन हातमोजे, वाळत घातल्यासारखे.
"करा बुवा टाइप."

मी टाइप करतो:
श्री. डिगंबर वामन झोपे, मु. भुसावळ,
यांनी अमळनेरच्या आमच्या महाविद्यालयात
फुटबॉल संघाचे सहायक मार्गदर्शक म्हणून
तासिका तत्त्वावर…
"संघाचे नाही," ते म्हणतात,
"गोलकीपरचे लिहा.
बाकीचे दहा माझे नव्हते."

आडनाव झोपे, आणि काम जागं राहायचं.
हा विनोद त्यांनी स्वतःच केलाय
जळगावात, चोपड्याला, धुळ्याला, शहाद्याला,
जिथे जिथे जूनमध्ये रुजू झाले
आणि मार्चमध्ये सुटले.

पोरवयात रेल्वेच्या ग्राउंडवर गोलात उभे असायचे.
बॉल पलीकडच्या टोकाला असला
की पलीकडून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचे.
एकदा एकेचाळिसाव्या डब्याला गोल खाल्ला.
मोजणं तेव्हापासून बंद.

धुळ्याचं ग्राउंड म्हणजे काळी माती,
दिवाळीनंतर वीट होणारी.
पोरं सूर मारायला भ्यायची.
ह्यांनी रावेरहून टेम्पोभर केळीचा वाळला पाला आणला,
खताच्या गोण्यांत कोंबला, गोण्या अंथरल्या.
प्राचार्यांनी विचारलं, खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा?
"माझ्या," हे म्हणाले.
त्या पाल्यात पडून पडून एका पोराच्या अंगाला
वर्षभर केळीच्या वखारीचा वास.
"सर, बॉल दिसनाच नही," तो म्हणायचा.
"बॉल कशाला बघतोस?
मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघ.
बॉल कुठं जाणार, त्या पायाला आधी कळतं."

पंखा वाढवला मी. कागद उडाले,
पेपरवेट घरंगळलं,
आणि मी हलायच्या आत
त्यांच्या डाव्या हातात.
उजव्याची दोन बोटं चोपड्याला
सरावाच्या पेनल्टीत वाकली, ती तशीच आहेत.
नेट नाही, एम.पी.एड. अर्धवट.
वय त्रेपन्न, हे मी दाखल्यात लिहीत नाही.

क्रीडा संचालकांची सही लागते.
संचालक म्हणजे दिलवर पावरा,
शहाद्याला ह्यांचाच दुसऱ्या नंबरचा कीपर,
अख्खा मोसम बाकावर बसलेला.
सही करायला तो खुर्चीतून उठतो.
कागदावर वाकून, वर न बघता म्हणतो,
"सर, पुढच्या वर्षी सगळा संघच घ्या ना.
मी बोलतो संस्थेशी."

झोपे सर पेपरवेट फिरवत राहतात.
"गोल झाला की ते दहा जण
मान खाली घालून मध्यावर निघून जातात रे.
जाळीतून बॉल काढायला हा एकटा.
मला मैदानात तेवढाच दिसतो.
संघ घेतला तर बाकीच्यांकडे बघावं लागेल."
मग हसून: "आणि तू बाकावर होतास,
तेव्हा तुझ्याशेजारी कोण बसायचं?"
पावरा सर पेनाचं टोपण शोधू लागतात.
टोपण पेनालाच होतं, मागच्या बाजूला.

शेवटचा रकाना, कार्यमुक्तीचे कारण:
सत्र संपले.
मी गोल शिक्का मारतो. जरा तिरका बसतो.
"तीन प्रती करा," सर म्हणतात,
"एक शिरपूरला, एक नंदुरबारला.
तिसरी अशीच राहू द्या,
कुणाला देणार ते अजून
मलाही ठाऊक नाही."