साठा लागू नाही

नव्या मालाचा फॉर्म उघडते.
नाव: दलदलीवरची पहाट, एक्केचाळीस मिनिटं.
प्रकार: अमूर्त.
एकक कोणतं, प्रोग्राम विचारतो. किलो, तास, नग?
नग लिहिते. दुसरं काय लिहू?
साठ्याचा रकाना आपोआप करडा होतो,
म्हणजे मोजू नका,
कितीही विका, कमी होणार नाही.
खर्चाचा मात्र पांढराच राहतो.

लेंबित समोर बसलाय, गमबूट दाराशी काढून,
मोज्याचं भोक दुसऱ्या पायाखाली झाकून.
तो आवाज विकतो. विल्यांदीत खाली बेकरी, वर आम्ही दोघं.
सिनेमावाले घेतात, झोपेची ॲप बनवणारे घेतात,
हेलसिंकीच्या एका दातांच्या डॉक्टरने
वेटिंग रूमसाठी पाऊस घेतला होता मागे.
"खर्च काय आला?"
"काही नाही. पहाट फुकट असते."

फुकट लिहिलं की नफा शंभर टक्के दिसतो, लेंबित,
आणि शंभर टक्के नफ्यात आपण
जानेवारीपासून वीजबिल थकवतोय.

मग काटा काढावा तसं एकेक काढते त्याच्याकडून.
डिझेल, सव्वीस युरो.
होडीचं भाडं, कारण एप्रिलमध्ये तिकडे नदीच रस्त्यावर येते.
मायक्रोफोनचा घसारा.
तीन रात्री. पहिल्या दोन वाया,
एकीत वारा, दुसरीत लांब कुणाची तरी करवत.
वाया गेलेल्या रात्री कुठल्या मालावर टाकायच्या?
तिसरीवरच तिन्ही टाकते.
क्रौंच तिसरीलाच बोलले ना.

आता पुढचं वर्ष, मी म्हणते.
किती पहाटा, कुठल्या महिन्यात, प्रत्येकी अंदाजे किती?
तो उजवा कान पुढे करतो.
"काय म्हणालीस?"

हिवाळ्यापासून त्याने टेबलाची बाजू बदललीय.
मला वाटलं होतं, हीटरमुळे.

"क्रौंचांचा वरचा सूर," तो मोज्याकडे बघत सांगतो,
"आता मला पडद्यावर दिसतो. रेषांत.
अडतिसाव्या मिनिटाला काहीतरी आहे.
पक्षी आहे की माझाच खोकला, कळत नाही.
तू ऐकशील?"

दोनशे सहा माल नोंदवलेत मी.
कोड दिले, कर लावला, सवलती बसवल्या.
एकही ऐकला नव्हता.

हेडफोन मोठा होतो मला, धरून ठेवावा लागतो.
आधी काहीच नाही. मग त्या काहीच नाहीत
पाणी होडीला हळूच चाटतंय.
खालच्या बेकरीतला मिक्सर थांबला कधी, कळलं नाही.
अडतिसाव्या मिनिटाला
माणूस आहे. श्वास रोखून धरलेला
आणि मग न राहवून सोडलेला.

"पक्षी आहे," मी सांगते. जरा मोठ्याने.

पुढच्या वर्षाच्या खर्चात
श्रवणयंत्र धरते, नग एक. ह्याला साठा आहे.
आणि ह्या पहाटेखाली एक ओळ वाढवते:
ऐकणं, एक्केचाळीस मिनिटं, मार्यू.
दर मागाहून ठरवू.